पाणी कुणाच्या दारात

मुर्तझाभाईंनी निळ्या कागदाची पट्टी चिमट्याने उचलली आणि डिंक लावलेल्या जागेवर टेकवण्याआधी मान वर केली.

"कुमुदबेन, नक्की इथेच ना? एकदा चिकटली की निघत नाही. निघाली तर अर्धी गल्ली घेऊन निघते."

"इथेच," कुमुद म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

बाहेर पिछोल्याचं पाणी घाटाच्या वरच्या पायऱ्यांना लागलं होतं. आत, जोडून ठेवलेल्या टेबलांवर तोच तलाव राळेचा केलेला होता आणि त्याच्या काठाने पंचवीस वर्षांनंतरचं उदयपूर उभं होतं. गच्च्यांखाली पावसाच्या पाण्याची टाकी, हॉटेलांची गटारं जिथे तलावात उतरत तिथे लव्हाळ्याची बेटं, घाटाला लागलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या नावा. आणि तलावाचं जादा पाणी वाहून नेणारा जुना पाट, जो कधीकाळी बुजवून त्यावर वस्ती झाली होती. ढगफुटी झाली की पाणी अजूनही त्याच गल्ल्यांतून वाट काढायचं. पाट पुन्हा उघडायचा, म्हणजे त्यावरची घरं उठवायची.

जुन्या नकाशात हा पाट कुमुदच्या वडिलांच्या घराखालून जात होता. तिने तो एका घराने पूर्वेला सरकवला. आराखड्याच्या बैठकीत 'इकडून उतार बरा मिळतो' एवढंच सांगितलं. कुणी हटकलं नाही. ती त्याच गल्लीत वाढलेली, तिला कोण हटकणार? वडिलांना, म्हणजे बासांना, अर्धांगवायू झाल्यापासून दारातली खाट आणि तिथून दिसणारी माणसं एवढंच त्यांचं जग उरलं होतं. पूर्वेचं घर सुतारांचं होतं.

दुपारी लोकांना ही प्रतिकृती बघायला दार उघडायचं होतं. गल्लीतल्या सज्जनकाकीसा त्याआधीच आल्या, स्टीलचा डबा ओढणीखाली धरून.

"अगं बाईसा, सगळ्या गावाची भातुकली मांडलीस की!"

"काकीसा, तुम्ही इतक्या लवकर?"

"गर्दीत मला कोण बघू देतंय. आधी हे घे, सुंठीचे लाडू. बाळंतिणीचे आहेत, पण तुलाही चालतील, वाळली आहेस. आता माझं घर दाखव."

कुमुदने लाडू हातात घेतला आणि टेबलाकडे बोट केलं नाही. मग काकीसांनी स्वतःच शोधायला सुरुवात केली. त्यांचं बोट मारुतीच्या देवळापासून निघालं, पिंपळाला वळसा घालून गल्लीत शिरलं.

"हे तुझ्या बासांचं घर. अगं, गोखडासुद्धा केलाय! खिडकीची जाळी बघा किती बारीक. आणि त्याच्या शेजारी..."

बोट निळ्या पट्टीवर थांबलं.

"हे काय?"

"पाट आहे. पाण्याचा."

"आणि आम्ही?"

"वर टेकडीपाशी. नवी घरं होणार आहेत सगळ्यांना," कुमुद म्हणाली. "लिफ्ट असेल."

काकीसांनी बोट उचललं आणि ओढणीला पुसलं. डिंक लागला होता.

"गुडघ्यांना बरं," त्या म्हणाल्या. "सून तर नाचेल, तिला केव्हापासून फ्लॅट पाहिजे. तुझे काकासा असते ना, तर करवत आणून हे टेबलच कापलं असतं त्यांनी." आपल्याच बोलण्यावर त्या हसल्या. "पण तू केलंस म्हणजे बघूनच केलं असशील. माझ्याच चुलीपाशी बसून गृहपाठ करायचीस तू. मी काय विचारणार तुला?"

लाडवाचं तूप कुमुदच्या बोटांवरून मनगटाकडे ओघळत होतं. तिने तो खाल्ला नाही, खालीही ठेवला नाही.

"मी आले दुसऱ्याच कामाला," काकीसा म्हणाल्या. "रविवारी नातसुनेचं जलवापूजन आहे."

बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते ती पाणी पुजायला. इतर गल्ल्यांतून बायका विहिरीवर जात, हल्ली नळावरही. या गल्लीतल्या मात्र गाणी म्हणत नागदांच्या, म्हणजे कुमुदच्या वडिलांच्या, दाराशी येत. तिथे विहीर नव्हती, नळ नव्हता, होती ती एक काळी पायरी. सासूने तिथे कळशी टेकली म्हणून सुनेने टेकली. लहानपणी कुमुद त्या बायकांना गूळ वाटायची. जुना नकाशा पुसट होता, पण त्यातली रेघ त्या पायरीखालून जाताना बघितली तेव्हाच तो खरा असल्याची तिची खात्री पटली होती.

"आता पाणी आमच्याकडे आलं म्हणतेस," काकीसा म्हणाल्या. "मग कळशी आमच्याच अंगणात ठेवायची का?"

"सोपं झालं की, काकीसा," मुर्तझाभाई पट्टीवर फुंकर घालत म्हणाले. "घरबसल्या पूजा."

"तू गप रे. कोरड्या जागी कळशी ठेवली तर पोराला लागतं म्हणतात. महिन्याचं पोर आहे ते. म्हणून हिला विचारते." त्या कुमुदकडे वळल्या. "तू सांगशील तिथे ठेवू."

कुमुद गोखड्याकडे बघत होती. काडेपेटीच्या काड्या चिरून तिने तो स्वतः केला होता. अख्ख्या गल्लीत दुसऱ्या कुठल्याही घराला तिने खिडकी केली नव्हती.

"आमच्याकडेच आणा तिला," ती म्हणाली. "पायरीपाशी."

"नक्की ना गं?"

"नक्की. पाणी तिथेच आहे."

"मग झालं तर." काकीसांचा चेहरा सैल झाला. त्यांनी डब्याचं झाकण दाबून लावलं. "बासांना सांग, गूळ भरपूर आणून ठेवा. मागच्या वेळी चिंचोक्याएवढे खडे वाटले होते."

कठड्याला धरून एकेक पायरी उतरत त्या गेल्या.

मुर्तझाभाईंनी फुंकर घालणं केव्हाच थांबवलं होतं. त्यांनी पट्टीकडे बघितलं, शेजारच्या गोखड्याच्या घराकडे बघितलं, मग खाली बघत म्हणाले, "बेन, डिंक अजून ओला आहे."

कुमुदने लाडू कागदावर ठेवला, हात पुसले आणि गोखड्याच्या घराखाली नख घातलं. ते सहज निघालं, काहीच वजन नव्हतं त्याला. ते तळहातावर घेऊन ती टेबलाभोवती एक फेरी फिरली. ठेवायला कुठे जागा दिसेना.