भट्टीखालचा ओढा

"पंप बंद करा," असं सांगायला आलेल्या बाईला दिराने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. त्याची वहिनी, घरातली थोरली सून, तळघराच्या जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती.

"अहो, घरात पाणी शिरतंय म्हणून तर पंप लावलाय," दीर म्हणत होता. "तो बंद करून काय करू? पाण्याला या, बसा म्हणू?"

"तसंच समजा," बाई म्हणाली. ती पाणी खात्यातली. खांद्याला मोजायच्या फितीचं भलंमोठं रीळ अडकवून सकाळपासून गल्लीतल्या बुजत आलेल्या विहिरींत डोकावत फिरत होती, म्हणून गल्लीने तिचं नाव मोजणीबाई ठेवूनही टाकलं होतं. "तुमच्या पंपातून नुसतं पाणी येत नाहीये. गटाराच्या तोंडाशी बघा, केवढा गाळ साचलाय. तो तुमच्या भिंतीखालचा आहे."

"गाळ कसला, पीठ आहे ते."

"पीठ?"

"वडिलांच्या काळापासून पाव भाजतोय आम्ही खाली. फरशीच्या फटीफटीत पीठ मुरलंय. तेच आता धुऊन निघतंय. तुम्ही विहिरी मोजा ताई, पिठाचं आमच्यावर सोडा."

मोजणीबाई चिडली नाही. "मी वळणावरच्या विहिरीपाशी आहे," ती म्हणाली. "रस्त्याकडच्या भिंतीलगत कोणाला बसू देऊ नका. आणि दारं नीट लागतात का, बघत राहा. अडायला लागली तर मला हाक मारा."

दीर दार लावून वळला. ते नीट लागलं. "बघा," तो थोरलीला म्हणाला आणि हसला. पण त्याचे डोळे हसत नव्हते. पाणी आल्यापासून त्याला धड झोप नव्हती.

थोरली परत खाली उतरली. तळघर म्हणजे या घराचं पोट. रस्त्याकडच्या भिंतीला पाठ लावून भट्टी बसलेली. तिच्या नवऱ्याने ती स्वतःच्या हातांनी रचली होती. सासऱ्यांची जुनी भट्टी पाडून, वीट अन् वीट पारखून. लग्नानंतरचा तो पहिलाच काळ. नवी नवरी विटा पाण्यात भिजवून हातात देते आहे आणि नवरा कमानीत डोकं घालून आतून ओरडतो आहे, "ही नको, दुसरी दे, ही रुसलेली आहे." नवऱ्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, पण भट्टीच्या तोंडाशी उभं राहिलं की पाठीमागून तो काहीतरी खोडी काढणार, असं तिला अजून वाटे. घरात सहाजणांचं पोट त्या भट्टीवर होतं, ते वेगळंच.

त्या काळी तळघर हाडासारखं कोरडं होतं. गल्लीच्या टोकाला कागदाचा कारखाना होता. त्याच्या खोल विहिरी दिवसरात्र पाणी ओढत. भोंगा झाला की कामगार रांगेने गरम पाव घ्यायला यायचे आणि ओल्या कागदाचा वास त्यांच्या अंगाला असायचा. कारखाना इतकं पाणी प्यायचा की सगळ्या वस्तीखालची जमीन सुकून गेली होती. मग कारखाना बंद पडला. लोक भोंग्यासाठी हळहळले, कामासाठी रडले. पाण्याचा विचार कोणाच्याच मनात आला नाही. विहिरी ओढायच्या थांबल्या आणि खालचं पाणी, कोणाला न विचारता, गुपचूप वर चढत आलं.

आता भट्टीच्या डाव्या कोपऱ्यात फरशी फुगून फुटली होती आणि तिथून झरा उसळत होता. दूध उतू जाताना जसं मधोमध फुगतं, तसा. पंपाची नळी त्यातच सोडलेली. पाणी भट्टीच्या चौथऱ्याला लागत होतं, पण चढत नव्हतं. पंपाने त्याला तेवढ्यावर धरलं होतं. धाकटी जाऊ गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून सकाळी भाजलेल्या पावांचे रिकामे पत्रे उचलत होती.

"ताई, मोजणीबाई काय म्हणाली?"

"पंप बंद करा म्हणाली."

"मग मासे पाळू या. पावापेक्षा सोपं. मळायला नको, भाजायला नको."

थोरली हसली. तेवढ्यात वरून सासूबाईंची काठी जमिनीवर आपटली. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यामुळे त्यांचा दिवस वरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी जायचा. काठी हीच त्यांची हाक.

थोरली वर गेली तर खोलीचं दार उघडेना. खांदा लावला तेव्हा ते चौकटीला घासत, कुरकुरत थोडं सरकलं.

"सकाळी तर नीट होतं," सासूबाई आतून म्हणाल्या. "मला कोंडायचा बेत आहे का तुम्हा दोघींचा?"

थोरलीने चौकटीकडे पाहिलं. वरच्या कोपऱ्यातून एक बारीक भेग निघून छताकडे गेली होती. नखाने टोकरली, तर भुगा ताजा होता.

ती जिना उतरून तशीच बाहेर गेली. पंपाची नळी जिथे गटारात सुटत होती, तिथे पिवळसर पांढऱ्या गाळाचा एक पंखा पसरला होता. मधून पाणी वाट काढत होतं, बाजूला नवीन थर टाकत होतं, पुन्हा वाट बदलत होतं. येणारेजाणारे त्याला वळसा घालून जात होते. कित्येक दिवस तीही वळसाच घालत होती. पीठ म्हणून.

तिने मूठभर उचललं. अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळलं, रोज पोतं उघडलं की चोळायची तसंच. दिसायला मैद्याचाच भाऊ. मग तिने तळहातावर त्याचा गोळा वळायला घेतला. पीठ असतं तर पाणी लागून चिकटलं असतं, ताणलं असतं. हा गोळा वळला आणि लगेच बसका होऊन तळहातावर फुटला. तिने चिमूट जिभेवर ठेवली. दाताखाली कचकन वाजलं.

वाळू होती. धुतलेली, एकसारखी, बारीक वाळू. रस्त्यावर पसरली होती तेवढी वाळू घराखालून गेली होती, आणि आत्ताही, तिच्या डोळ्यांसमोर, जात होती.

ती वळणावर जवळजवळ पळतच गेली. "बाई, चला. दार अडलं."

मोजणीबाई तळघरात उतरली. तिने झऱ्यात हात घातला, मूठ बाहेर काढून बघितली, मग भिंतीच्या पायाशी वाकून लोखंडी सळई आत खुपसली. सळई हातभर आत गेली, जशी लोण्यात सुरी जावी.

"इथून ओढा जायचा का कधी?" तिने विचारलं.

"सासूबाई सांगतात. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा धुण्याचे दगड होते. मग आटला, तो बुजवला आणि वर गल्ली झाली."

"म्हणून गल्ली अशी वाकडी आहे. घरं ओढ्याच्या काठाने बसली." मोजणीबाईने सळई पुसली. "ओढा आटला काकू, गेला नव्हता. त्याची वाळू खालीच आहे. आता ती पुन्हा भरलीय. पाणी सखल जागा शोधतं, आणि या सगळ्या गल्लीत आज सगळ्यांत सखल जागा म्हणजे तुमच्या नळीचं तोंड. तुम्ही जितकं ओढाल तितक्या जोरात ते येईल, आणि येताना वाळू घेऊन येईल. घर आत्ता पोकळीवर उभं राहायला लागलंय."

"आणि बंद केला तर?" दीर जिन्यातून म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला होता, कळलं नव्हतं.

"पाणी आत चढेल आणि बाहेरच्या पाण्याच्या बरोबरीला येऊन थांबेल. दोन्हीकडून सारखं झालं की धाव संपते. वाळू बसते, पाणी निवळतं. भिंत आतून तोलली जाते."

"कुठपर्यंत चढेल?"

मोजणीबाईने जिन्याच्या मधल्या पायरीकडे बोट दाखवलं. भट्टीची कमान तिच्या बरीच खाली होती.

पंप घरघरत होता.

"सकाळीच भाजलंय," दीर म्हणाला. "विटा लाल आहेत आतून. गार पाणी लागलं तर भट्टी फुटेल. मोजणीची भाषा मला कळत नाही, पण हे कळतं."

"गार व्हायला किती वेळ?"

"उद्या संध्याकाळ."

मोजणीबाईने मान हलवली. "तेवढा वेळ भिंत देणार नाही."

"तुम्ही काय भिंतीशी बोलून आलात?"

"भाऊजी," थोरली म्हणाली, "आधी आईंना बाहेर काढू."

सासूबाईंना खुर्चीसकट खाली आणलं. पुढून दीर, मागून दोघी जावा. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "सांभाळा रे, वरात आहे का प्रेतयात्रा, ते तरी ठरवा." समोरच्या घराच्या ओट्यावर धाकटीची दोन पोरं खेळत होती, तिथेच त्यांना बसवलं. थोरलीने चार शब्दांत सगळं सांगितलं. सासूबाई काठीच्या मुठीवर हात ठेवून ऐकत होत्या.

"मला विचारू नकोस," त्या शेवटी म्हणाल्या. "मी हो म्हटलं तर पोराची भट्टी माझ्या तोंडाने गेली, असं मला मरेपर्यंत वाटेल. नको म्हटलं आणि घर पडलं, तर तेही. तू त्याची बायको आहेस. तू ठरव."

थोरली परत आली तेव्हा दीर भट्टीच्या तोंडातून लांब आकड्याने निखारे ओढत होता. धाकटी पत्र्याच्या बादल्यांत ते झेलून जिन्याने वर नेत होती. निखारे काढले तर विटा लवकर निवतील, ही आशा. थोरलीनेही फावडं घेतलं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पाण्यात पडलेला एखादा निखारा चुर्र करून काळा होई. आत हात घातला की भट्टीची धग अजून तशीच, पहाटेसारखी, तोंडावर येत होती.

मग पंपाचा आवाज बदलला. तो खोकला, अडला, पुन्हा चालू झाला. नळीतून चिखल जात होता. कोपऱ्यातला झरा एकदम रुंदावला आणि भिंतीच्या पायातली एक वीट, कोणी आतून ढकलावी तशी, सावकाश बाहेर आली आणि पाण्यात पडली. तिच्यामागे काळोख होता. गिलाव्याचा एक लांब तुकडा सुटून थोरलीच्या पायाशी पडला.

"धाकटे, वर जा," थोरली म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"जा म्हटलं ना."

दीर पंपाच्या खटक्यापुढे जाऊन उभा राहिला. दोन्ही हात मागे, भिंतीला टेकलेले. लहानपणी चोरून खाताना सापडल्यावर तो असाच उभा राहायचा, असं तिचा नवरा सांगायचा.

"वहिनी, दादाचं आणखी काय उरलंय सांगा. फोटोसुद्धा धड नाही. ही एवढीच आहे. रोज पहाटे पेटवताना मला वाटतं, तो आत वाकून बघतोय. उद्यापर्यंत. फक्त उद्यापर्यंत थांबू."

"मलाही वाटतं तसं," ती म्हणाली. "रोज."

"मग?"

"मग आई उद्या कुठे झोपतील? तुमची दोन पोरं कुठे झोपतील? विटा मी भिजवून दिल्यात भाऊजी. त्यातली एकेक मला माहीत आहे. तुमच्यापेक्षा मला ती कमी प्यारी नाही. सरका."

तो सरकला नाही. पण तिने हात पुढे केला तेव्हा त्याने तो अडवलाही नाही. खटका खाली आला आणि घरघर थांबली.

इतक्या दिवसांच्या आवाजानंतर तळघर एकाएकी मोठं वाटायला लागलं. झऱ्याची बुडबुड ऐकू येत होती. दोघं जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली. पाणी चौथऱ्यावर चढलं, काठाने एकदा भट्टीभोवती फिरलं आणि तोंडातून आत शिरलं.

आधी नुसती वाफ आली. पांढरी, दाट, भाजलेल्या पावाच्या वासाची. मग आतून टिचल्याचे आवाज येऊ लागले, एकेक, मग भराभर. प्रत्येक आवाजाला दिराचा खांदा दचकत होता. थोरलीने त्याचा दंड धरून ठेवला होता. वाफेत काही दिसत नव्हतं. शेवटी एक जड, ओला आवाज झाला. कमान बसली होती. लाट येऊन पायऱ्यांवर आपटली आणि मागे गेली.

दीर तोंडावर बाही धरून रडला. थोरली रडली नाही. ती भिंतीकडे कान लावून होती.

वरून मोजणीबाईची हाक आली, बाहेर या म्हणून. अंधार पडेपर्यंत सगळे समोरच्या ओट्यावर बसले होते, घराकडे तोंड करून. एकदा कुठूनतरी माती घसरल्याचा आवाज आला आणि धाकटीने पोरांना जवळ ओढलं. भेग काही वाढली नाही. सासूबाईंनी कमान कधी बसली ते विचारलं, तेवढंच. मग डोळे मिटून घेतले.

सकाळी मोजणीबाईने जिन्यात फीत धरून पाहिली. पाणी मधल्या पायरीच्या किंचित खाली थांबलं होतं.

"कारखान्याच्या आधी ते इथेच असणार," ती म्हणाली. "याच्यावर चढायला त्याला कारण नाही. भिंतीला बाहेरून टेकू द्यावे लागतील, पोकळी भरावी लागेल. पण उभी राहील ती."

"तळघर?"

"ते आता त्याचं."

दीर पँट गुडघ्यापर्यंत दुमडत होता. मग दुमडून उपयोग नाही हे लक्षात येऊन तो तसाच पायरीपायरीने पाण्यात उतरला, कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. भिंतीला तळहात लावत लावत कोपऱ्यापर्यंत गेला. वीट पडली होती तिथे हात घालून बघितलं. थोरली वरच्या पायरीवर बसून पाहत होती.

"काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही. वाळू बसलीय. हलत नाही." त्याने पाण्यातून हात बाहेर काढला. "वहिनी, थंडगार आहे हो."

"भाऊजी, पाय दिसतात का तुमचे?"

त्याने नीट वाकून बघितलं.

"दिसतात," तो म्हणाला. "नखंसुद्धा दिसतात."