न विरघळणारा वकील

"सरका, सरका! पाण्यावर सावली पाडू नका!" निवाडेबाबांचा शागिर्द खेकसला, तशी खोक्यांच्या कारखान्यातली अख्खी सकाळपाळी माना उंचावून पाण्यानं भरलेल्या परातीकडे बघू लागली.

बाबांचा चमत्कार एकच, पण कामगारांच्या मोठ्या कामाचा. कोर्टकचेरीसाठी खरा सल्लागार कोण, ते पाण्यातून ओळखून देणं. आपण दोन वकिलांची नावं सांगायची, शागिर्द ती चिठ्ठ्यांवर शाईनं लिहिणार. तिसरी चिठ्ठी बाबांच्या पेटीतून यायची, म्हणे थेट वरून आलेली. तिन्ही परातीत टाकल्या की खोट्याचं नाव विरघळायचं आणि खऱ्याचं टिकायचं.

आज परातीसमोर अक्का होती. रोलरमध्ये तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. मालकाकडून धड भरपाई मिळाली नाही, तर लेकीची शाळा सोडवून तिलाच त्या रोलरवर उभं करावं लागणार होतं.

"या बाई सनद असलेल्या वकील आहेत म्हणतात," बहिणीनं सुचवलेलं नाव सांगताना अक्का चाचरली.

"सनद माणसं देतात, पोरी! पाणी लाच खात नाही!" बाबा गरजले.

पाणी नव्हतंच खात. खाणारे दुसरेच होते.

वकीलबाईंचं नाव बघता बघता पसरून निळं पाणी झालं. दुसरंही गेलं. पेटीतलं नाव मात्र ठणठणीत! टाळ्या कडाडल्या, अक्काला रडू फुटलं. ते नाव बाबांच्या मेव्हण्याचं होतं, पण हा माणूस कोण, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मेव्हण्यानं आठवडाभरात एका कागदावर अक्काचा डावा अंगठा उठवला, मालकाकडून आलेली चिमूटभर रक्कम तिच्या हातावर टेकवली आणि तिच्यातली अर्धी फी म्हणून परत उचलली.

दवाखान्यात पट्टी बदलताना डॉक्टरीणबाईंनी तो कागद वाचला. "अपघात माझ्याच चुकीनं झाला, यापुढे काही मागणार नाही, असं लिहून दिलंयत तुम्ही. हा माणूस वकील आहे, हे कशावरून?"

अक्कानं परातीची हकिकत सांगितली, जपून ठेवलेली चिठ्ठी दाखवली.

"कारखान्यात काय काम करता तुम्ही?"

"कागदाला मेण लावते. पाणी लागलं तरी छपाई जाऊ नये म्हणून..."

बोलता बोलता अक्काची नजर हातातल्या चिठ्ठीवर गेली. तिनं चिठ्ठीवरून नख ओढलं. नखात मेण आलं.

ती तडक बाबांच्या दारी गेली आणि भरल्या गर्दीत तिनं पेटी उलटी केली. चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, सगळ्यांवर मेव्हण्याचं नाव, सगळ्या मेणानं गुळगुळीत! जन्मभर मेण लावणाऱ्या माणसांनी त्या हातात घेतल्या आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं. कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. तेवढ्यात बाबा मागच्या दारानं पसार झाले. मग लोकांनी राग अक्कावर काढला. "आधी बोलली असतीस तर आमचे अंगठे वाचले असते!"

वकीलबाईंनी कागद पाहिला. "लढू. पण अंगठा तुमचाच आहे. वर्षं जातील."

दुसऱ्या दिवशी अक्काची लेक रोलरवर उभी राहिली.

बाबांनो, डॉक्टरच्या पाटीवरची पदवी वाचून आपण आत शिरतो. मग कोर्टाचा आणि पैशाचा सल्ला देणाऱ्यालाही विचारा, शिकलास कुठे, सनद दाखव, परवाना दाखव. नोंद खरी आहे का, ते कचेरीत जाऊन बघा. अंगठा उठवण्याआधी कागद दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. आणि विचारल्याचा ज्याला राग येईल, त्याच्या दारातून तिथल्या तिथे उठा.