काउंटीच्या सुनावणीत जपमाळ

दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आमच्या मजूर-हक्क संस्थेत कॉलेजची पोरं शिकाऊ म्हणून येतात, झेरॉक्स काढतात, हक्कांच्या घोषणांखाली फोटो काढतात आणि जातात. त्यामुळे इत्सेल बारिएंतोस आली तेव्हा मी तिला फारसा भाव दिला नाही. स्वागताच्या टेबलावर माझे केस पांढरे झालेत.

त्याच उन्हाळ्यात काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, आमच्या वस्तीतलं मतदान केंद्र हायवेपलीकडे हलवायचा घाट घातला. तिकडे बस जात नाही. कांदे निवडायच्या शेडमधल्या बायका काम सुटल्यावर पोचणार कशा? त्यांचं मत बुडालंच म्हणायचं. सुनावणीत फक्त इथल्या रहिवाशांनी बोलायचं, प्रत्येकी दोन मिनिटं, आणि स्पॅनिश बोललात तर दुभाष्याचा वेळही त्यातच.

"म्हणजे एकच मिनिट!" आमचे वकील मारोकीन वैतागले. "त्यात काय नाव सांगायचं?"

"आमच्यात नावालाच मिनिट लागतं," मी म्हटलं.

इत्सेल हसली. "मावशी, मयताच्या घरी सगळ्या मिळून जपमाळेची प्रार्थना म्हणताना एकीचा आवाज बसला तर?"

"दुसरी पुढे उचलते. पण काउंटीत कुणाची मयत झालीय?"

"आपल्या मताची होणार आहे."

मग चर्चच्या स्वयंपाकघरात तिने बायकांची तालीम घेतली. मी गेले ती मक्याच्या पानात उकडलेल्या तमालेंसाठी, खोटं कशाला बोलू?

सुनावणीला एलोदियाबाई पहिल्या. लांबलचक नाव सांगून, दुभाष्यासाठी थांबत थांबत म्हणाल्या, "गेल्या निवडणुकीत शेड सुटल्यावर मी धावत केंद्रावर आले, दार बंद होणार एवढ्यात..." घंटी वाजली. "वेळ संपला," काउंटी मंडळाचे अध्यक्ष म्हणाले.

रांगेत त्यांच्या मागे असलेली रेफुहियो माइकपाशी आली. तिनेही नाव सांगितलं. "...ही आत शिरली, कारण केंद्र गल्लीतच होतं. हायवेपलीकडे असतं तर..." घंटी. तिसरीने तिथूनच उचललं.

"हा काय पोरखेळ?" अध्यक्ष भडकले.

इत्सेल उभी राहिली. "साहेब, मी फक्त नियम विचारते. प्रत्येक बाई आपल्याच वेळात बोलतेय. दुसरीचं वाक्य पुरं करायला नियमात बंदी आहे का?"

सचिवाने नियम चाळले आणि नकारार्थी मान हलवली. बायका खुदखुदल्या.

रांग संपली, पण शेवटच्या बाईचं वाक्य अर्धंच राहिलं: "केंद्र नेलंत तर आम्ही..." मी नुसती कॉफी घेऊन आले होते. कशी कोण जाणे, माइकपाशी गेले आणि नाव सांगितलं.

"...चालत येऊ! कामाच्या कपड्यांत, पोरं कडेवर घेऊन, अख्खा हायवे अडवून येऊ. पण मत देऊच!"

हॉल दणाणला. मंडळाच्या सदस्यांची मतं घेतली गेली आणि केंद्र वस्तीतच राहिलं. बायकांनी इत्सेलला मिठ्या मारून पार गुदमरवलं. आणि मी, अभिमानाने फुगून, दारात भेटेल त्याला सांगत सुटले, "ही पोरगी आमच्या ऑफिसची आहे, बरं का!"