हॉलंडचा स्वेटर

शेजारच्या राजश्रीवहिनी युरोपच्या टूरवर निघाल्या आणि माझी पंचाईत झाली. टूरमध्ये एक दिवस ॲमस्टरडॅम होतं, आणि आमचा ऋत्विक हॉलंडला असतो हे मी अख्ख्या आळीला सांगून ठेवलेलं.

तो असतो कुरासावला. व्हेनेझुएलाच्या जरा वर, समुद्रात एवढंसं बेट. तिथल्या हॉटेलात तो स्वयंपाकी आहे. पहिल्यांदा हळदीकुंकवात मी खरंच सांगितलं होतं. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे बाटलीवर हे नाव असतं ते निळं सरबत?" बायका हसल्या. मी घाईने म्हटलं, "राज्य हॉलंडचं आहे हो. राजा तोच." खोटं नव्हतं. रद्दीतून उचललेल्या नकाशाच्या पुस्तकात बेटापुढे कंसात तसंच छापलंय. पण बेटाचा पंतप्रधान वेगळा, पैसे वेगळे, हॉलंड विमानाने नऊ-दहा तासांवर, एवढं कोण ऐकून घेणार? पुढच्या हळदीकुंकवापर्यंत नुसतं हॉलंड उरलं. नालासोपाऱ्याचे आमचे नातेवाईक गणपतीत "मुंबईहून आलो" सांगतात, तसंच हे, अशी मी मनाची समजूत घातली.

मग वाढतच गेलं. व्हिडिओ कॉलला शेजारचं कुणी असलं की ऋत्विकने खिडकीचा पडदा ओढायचा, कारण बाहेर माड दिसतात. आणि स्वेटर घालायचा. पोराने कधी का म्हणून विचारलं नाही.

टूरला निघायच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी वहिनी फणसपोळीचा डबा घेऊन आल्या. "लाव गो मालन त्याला फोन. हा डबा मी माझ्या हाताने देणार. लहान असताना माझ्याच ओट्यावर बसून खायचा मेला."

मी गुपचूप मेसेज टाकला, मग फोन लावला. ऋत्विक दिसला. मागे पडदा, अंगात मी विणलेला तपकिरी स्वेटर.

"काय रे, ॲमस्टरडॅमला स्टेशनवर येशील काय?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "काकी, त्या दिवशी नेमकी ड्यूटी आहे हो."

"कुठला दिवस ते मी सांगितलंय कुठे अजून?"

"सगळेच दिवस आहे, काकी."

"मग मीच येते हॉटेलवर. मागच्या दाराने डबा देते नि जाते." वहिनी फोनजवळ वाकल्या. "घामाघूम का झालायस रे? ताप आहे काय?"

"नाही काकी. इथला हीटर जरा जास्त आहे."

हीटर म्हणताना त्याची जीभ अडखळली नाही. लहानपणी ह्याला साधं दूध सांडल्याचंही लपवता यायचं नाही.

"ऋत्विक," मी म्हटलं, "काढ बाबा तो स्वेटर."

"आई?"

"काढ. आणि पडदा उघड."

पडदा सरला. माड, पांढरं ऊन, निळं पाणी. वहिनींनी चष्मा वर केला. "हा तर आपला आरे-वारेचा किनारा!"

मग मी सगळं सांगितलं. माझी मान खाली होती. वहिनी चिडतील, आळीभर करतील, असं वाटलं होतं. त्यांनी डबा मांडीवर घेतला नि एवढंच म्हणाल्या, "म्हणजे ह्याची गाठ नाही पडायची."

पलीकडे ऋत्विक घाम पुसत होता. "काकी, बाहेर येऊ? पूल दाखवतो. तरंगता आहे. बोट आली की अख्खा पूल बाजूला सरकतो!"

"दाखव, दाखव रे!"

फोन हलत हलत जिना उतरला. पोरगं धापा टाकत बोलत होतं, हे दुकान, ही गल्ली, इथे मी मासळी घेतो. दोन वर्षांत माझ्याशी एवढं बोललं नव्हतं. विचारलंच नव्हतं मी.

वहिनी पुलाकडे बघत होत्या. मला फोनकडे बघवेना. मी त्यांच्या मांडीवरचा डबा घेतला आणि त्याचं झाकण उघडत आणि लावत बसले.