चौदा हूक

“सिस्टर, हुकाला हात लावायचा नाही. किती वेळा सांगायचं?”

काकांनी नर्सबाईंच्या हातून सायकल काढून घेतली, छातीपर्यंत उचलली आणि तिथेच अडकले. उजवा हात वर जाईना. गुडघ्याचा टेकू देत त्यांनी कसेबसे पुढचे चाक हुकात अडकवले आणि घाम पुसायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

सकाळच्या पॅसेंजरला शेवटी सायकलींचा अरुंद डबा असे. चौदा हूक, सहा स्टेशने आणि प्रत्येक स्टेशनावर जेमतेम एक मिनिट. गेली एकोणतीस वर्षे काका इथे सायकली टांगत होते. आधी फलाटावर सगळ्यांची रांग लावायची, सर्वांत लांब जाणारा पुढे, पहिल्याच स्टेशनाला उतरणारा शेवटी. मग सायकली त्याच क्रमाने आतून दाराकडे टांगायच्या, म्हणजे उतरताना कोणाचे कोणात अडकत नाही. माणसांची नावे त्यांना कधीच लक्षात राहिली नाहीत, पण मडगार्ड वाजते ते शाळेचे मास्तर पहिल्या स्टेशनाला उतरणारे आणि वेताची टोपली लावलेल्या सिस्टर पाचव्या, हे तोंडपाठ होते.

खांदा चार महिन्यांपूर्वीच गेला होता. वजन उचलू नका, असे डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद काकांनी घरात कपाटातल्या वर्तमानपत्राखाली सारला होता. काकूंना सांगितले, नुसते तेल चोळायला सांगितलेय. ऑफिसला कळले असते तर त्यांना हरवलेल्या सामानाच्या खोलीत छत्र्या राखायला बसवले असते. तिथे बसलेल्या माणसावरही धूळ साचते, असे काकाच इतकी वर्षे हसून सांगत आले होते. आता त्यांना त्या खोलीची खरोखर भीती वाटत होती.

आपले गुपित कोणाला ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत. पण सिस्टरची नजर पडली नर्सची. त्यांनी रोज सायकल घेऊन येणाऱ्या बेकरीवाल्याच्या कानावर घातले, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

सोमवारी तपासनीस साहेब वही घेऊन डब्यात चढले. रांग लावायला काका वळतात तोच चौदाही जण आपापली सायकल उचलून आत घुसले आणि मिळेल त्या हुकाला टांगून मोकळे झाले.

“आज आम्हालाच हौस आली, काका,” बेकरीवाला म्हणाला.

काकांना सगळे कळले. आधी रागाने कान तापले, मग त्यांच्याविषयी माया दाटून आली. साहेबांसमोर दोन्ही गिळावे लागले.

पहिल्याच स्टेशनाला घोळ झाला. काकांसाठी मास्तर सगळ्यांत आधी धावले होते, त्यामुळे त्यांची सायकल पार आतल्या हुकाला. ती काढायला वाट अडवणाऱ्या पाच सायकली उतरवाव्या लागल्या, कोणाचे पॅडल कोणाच्या तारांत अडकले, आणि गाडी चार मिनिटे तिथेच खोळंबली. साहेबांनी वही उघडली.

“प्रवाशांनी स्वतः सायकली टांगल्या? मग या सगळ्यांची सायकल गाडीत बंद. नियमच आहे तसा.”

सिस्टरना उतरल्यावर चार गावे फिरायची असत. काकांनी एकेका सायकलीकडे पाहिले. एवढी उलटसुलट लावलेली रांग त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

“त्यांचा दोष नाही, साहेब. मीच सांगितलं होतं टांगायला,” ते म्हणाले. “माझा खांदा गेलाय. चार महिने झाले.”

“काका—” सिस्टर पुढे झाल्या.

“तुम्ही मध्ये बोलू नका. लिहा साहेब.”

साहेबांनी लिहिले. पुढच्या सोमवारी काका हरवलेल्या सामानाच्या खोलीत, एकेचाळीस छत्र्यांसमोर बसले होते. खोलीची एकुलती खिडकी फलाटाकडे होती आणि तिच्यावर कित्येक वर्षांची धूळ होती.

पॅसेंजर लागल्याचा आवाज आला. बघायचे नाही, असे काकांनी सकाळीच ठरवले होते. तरी ते उठले, आणि डाव्या हाताने काच पुसली.

सायकलींच्या डब्यासमोर नवा माणूस गोंधळून उभा होता. त्याने काही सांगायच्या आतच चौदा जण रांगेत उभे राहिले होते. सिस्टर पुढून तिसऱ्या, मास्तर सगळ्यांच्या शेवटी. सायकलींना धरून सगळे शांतपणे थांबले होते आणि हुकाला कोणी हात लावत नव्हते.

काकांनी पुढून मागे एकदा पाहिले, मग मागून पुढे. रांग बरोबर होती.