लालासाहेबांचं यथार्थदर्शन

"येत्या दहा वर्षांत जित्या नटांचा धंदा बसणार, आणि पडद्यावर फक्त कागदावर काढलेली माणसं चालणार," असं कृष्णातनं मारुतीच्या देवळात जाहीर केलं. त्याचा स्वतःचा काढलेला माणूस तोवर कसाबसा तीन पावलं चालला होता, आणि तिसऱ्या पावलाला त्याचे दोन्ही पाय डावे झाले होते.

तरी कृष्णातला गावाचीच कीव यायची. विट्याच्या अलीकडचं हे गाव. इथं चित्र म्हणजे कॅलेंडर आणि कलावंत म्हणजे मालट्रकवर वाघ रंगवणारा. सांगलीला चित्रकलेचा वर्ग करून आल्यापासून तो एक डोळा मिटून, पेन्सिल आडवी धरून माणसं मापायचा. पोराचा डोळा गेला, असं गावाला वाटायचं.

मुंबईच्या कार्टून खात्यातला एक साहेब रविवारी सांगलीला, कृष्णातच्या मास्तरांकडं येणार होता. त्याला दाखवायचं होतं यथार्थदर्शनाचं एक चित्र, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं बारीक. पसंत पडलं तर मुंबई. नाही पडलं तर पलटण. वडील, हिंदुराव, पलटणीतनं हवालदार होऊन घरी आलेले. त्यांनी सांगूनच टाकलं होतं, "ह्ये समदं फालतू हाय. सायेब न्हाई म्हनला की सोमवारी भरतीला उभा ऱ्हा."

कृष्णातनं देवळातली बैठक काढायला घेतली. रिवाजाप्रमाणं सरपंच लालासाहेब गाभाऱ्याजवळच्या खांबाला टेकलेले, पुढं मानाप्रमाणं बाकीचे, आणि दाराशी, पायताणांच्या शेजारी, चहाची किटली घेऊन धोंडिराम. कृष्णात दाराबाहेर बसला आणि त्यानं नियम चोख पाळला. चित्रात धोंडिराम डोंगराएवढा झाला, किटली रांजणाएवढी, आणि लालासाहेब हरभऱ्याएवढे.

कागद फिरत फिरत लालासाहेबांच्या हातात गेला.

"खांबाला ही पाल कसली रं चिकटलीय?"

"आवं, तुमीच की ते."

"आन् ह्यो एवढा थोरला?"

"धोंडिराम."

"म्या काय केलं न्हाई वं," धोंडिराम किटलीमागनं म्हणाला.

कृष्णातनं कपाळाला हात लावला. असल्या अडाण्यांत जन्म! "शास्त्र हाय ह्ये. समद्या रेघा लांब जाऊन एका जागी मिळत्यात, आन् तितं सगळं नाहीसं हुतं."

"कंच्या जागी?"

"तुमच्या फेट्यात."

पंचायतीची निवडणूक तोंडावर होती. लालासाहेबांनी कागदाची घडी घालून ती कोपरीच्या खिशात कोंबली. "ह्यो कागद सांगलीला जायाचा न्हाई."

लालासाहेब हसायच्या आधीच हसणारा केरबा मग पुढं सरसावला. "शास्त्राला हात लावू नगा. जागा बदला की!"

आणि बदलल्या. लालासाहेब उठून दाराशी, पायताणांवर बसले. त्यांच्या मागं बाकीच्यांनी अशी रेटारेटी केली, की बाजारात तंबूचा खेळ आलाय असं वाटावं. बापजाद्यांपासूनचा मानाचा खांब मोकळा पडला. तिकडं जायला कोणीच तयार होईना. शेवटी धोंडिरामला बखोटीला धरून तिथं नेऊन टेकवला. बिचारा आयुष्यात पहिल्यांदा खांबाला टेकला, तोही शिक्षा म्हणून.

कृष्णातनं मनातल्या मनात शिव्या घालत नवं चित्र काढलं. रविवारी ते घेऊन तो सांगलीला गेला. आपण मुंबईला केवढे दिसतो ते बघायला लालासाहेबही फेटा बांधून बरोबर आले.

मास्तरांची खोली बुटकी, उजेड यायला एकच दार. साहेबानं कागद लांब धरला, मग जवळ धरला. त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

"हा फेटा आहे का?"

"हो."

"आणि फेट्यामागं?"

"पंचमंडळी," कृष्णात म्हणाला. "फेट्याखालच्या कानाशेजारी बघा, साहेब. खांब आहे. त्याला टेकून किटलीवाला. रेघा तिथं मिळतात."

साहेबानं चष्मा पुसला आणि कागदात नाक घातलं. मुंबई की भरती, ते आता त्या कानावर ठरणार होतं. लालासाहेबांनाही राहवेना. साहेबाला चित्र अस्सलाशी ताडून बघता यावं म्हणून ते दारात येऊन, मिशीला पीळ देऊन उभे राहिले.

साहेबानं मान वर न करताच मास्तरांना सांगितलं, "त्या दारातल्या गृहस्थांना जरा बाजूला व्हायला सांगता का? काहीच दिसत नाही."