ग्रहणासाठी कापलेली फिल्म

दत्तात्रयांना वेडंवाकडं कापलेलं काही चालत नसे. बुऱ्हाणपूरच्या भू-अभिलेख कचेरीत तीस वर्षं शेतांचे नकाशे काढलेला माणूस. चिरलेली भेंडीसुद्धा हे पट्टीने मोजतील, असं त्यांची बायको सुलभा म्हणायची. नव्व्याण्णवच्या ऑगस्टात सूर्यग्रहण आलं तेव्हा एक्स-रेची फिल्म त्यांनी अशीच पट्टी लावून कापली. बरोबर नऊ तुकडे, सगळे सारखे.

फिल्म सुलभाची होती. तीन आठवड्यांपूर्वी जळगावला तिचा डावा खुबा बदलला होता. झिजलेला सांधा काढून तिथे धातूचा गोळा बसवला होता आणि मांडीच्या हाडात धातूचीच सळई. ती पलंगावर पडून कात्रीचा आवाज ऐकत होती.

"अहो, ती माझी फिल्म आहे."

"ऑपरेशन झालं ना? आता तिचं काय लोणचं घालायचंय?"

गल्लीतले लोक ग्रहणात दारं लावून बसतात, त्यांचा वहम काढायचा, हे दत्तात्रयांनी मनावर घेतलं होतं. घरोघरी जाऊन त्यांनी तुकडे वाटले. त्या दिवशी आभाळ इतकं भरून आलं की कोणाला फारसं काही दिसलं नाही, हा भाग वेगळा.

पाच वर्षं सुलभा झकास चालली. सहाव्या वर्षी मांडी दुखायला लागली. बसून उठलं की पहिली चार पावलं जीव जायचा, मग जरा सुसह्य व्हायचं.

"पाय आखूड झालाय हो. डाव्या अंगाची साडी जमिनीला लागते."

"साडी नीट नेसत जा."

दत्तात्रयांचं निदान तयार होतं: वहम. त्यावर औषध एकच, चालणं. वर्षभर रोज सकाळी ते तिला तापीच्या घाटापर्यंत नेऊन आणत, आणि ती दात आवळून चालायची. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आपण हिला बरं करतो आहोत, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं आणि त्यामुळे त्यांना अडवणंही अवघड होतं.

एका सकाळी घाटाच्या कठड्याला धरून ती उभीच राहिली. "जळगावला नेता, की मी एकटी जाऊ?"

डॉक्टरांनी नवा एक्स-रे दिव्याच्या पेटीवर लावून बराच वेळ पाहिला.

"या एका फिल्मवर काही सांगता येत नाही. सळई हाडात खाली घसरली असेल, तर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. घसरली नसेल, तर दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधू. ऑपरेशननंतरची पहिली फिल्म आणा." त्यांनी पेनाने दोन जागा दाखवल्या. एक सळईचा खांदा, म्हणजे तिचा वरचा कोपरा, दुसरी त्याखाली हाडाला आतल्या अंगाने असलेला छोटा उंचवटा. "या दोन्हींत तेव्हा किती अंतर होतं, ते बघायचंय. ती फिल्म आम्ही पेशंटकडेच देतो. जपून ठेवली असेल ना?"

सुलभाने नवऱ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दत्तात्रय वसुलीला निघाले. ज्यांना शहाणं करायला गेलो होतो त्यांच्याच दारात आता हात पसरायचा, याची त्यांना लाज वाटत होती. चार तुकडे कधीच कचऱ्यात गेले होते. एकाने खिडकीची फुटकी काच झाकली होती. गल्लीतल्याच गोटूने आपला तुकडा नदीपलीकडच्या जैनाबादच्या मळ्यात मोटारीच्या पेटीवर ठोकला होता, तो उन्हाने पांढरा पडला होता. आणखी दोन मिळाले, पण त्यांत नुसती कंबरेची हाडं. हवा होता तो तुकडा निघाला गोदाबाईकडे. गोदाबाई म्हणजे गल्लीतली ग्रहण सगळ्यात कडक पाळणारी म्हातारी. त्या दिवशी तिने तुकडा घेतला होता आणि दार लावून घेतलं होतं.

देवघरातल्या पोथीतून तिने तो काढला. त्यावर एक ओरखडा नव्हता.

"तुम्ही जपून ठेवलात?" दत्तात्रयांनी विचारलं.

"मंग काय करू, भाऊ? सुलभाबाईचं हाड हाये त्याच्यात. माणसाचं हाड फेकता येते का असं?"

तुकडा रुमालात गुंडाळून दत्तात्रय घरी आले.

खिडकीच्या काचेवर त्यांनी जुना तुकडा आणि नवी फिल्म शेजारी शेजारी चिकटवली. सुलभा मागे खुर्चीवर बसली होती. पट्टी लावली. जुन्या तुकड्यावर खांदा आणि उंचवटा यांत बावीस मिलिमीटर. नव्या फिल्मवर तेरा. त्यांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. शेताची हद्द हातभर चुकवणाऱ्या पटवाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर नावं ठेवली होती. इथे चूक असावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि चूक नव्हती.

"किती?" सुलभाने विचारलं.

"डॉक्टर सांगतील ते खरं."

"तुम्ही काय मोजलंत ते विचारते."

"नऊ." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "नऊ मिलिमीटर खाली गेलीय."

रोज सकाळचा तापीचा रस्ता त्यांना आठवला. पाण्याच्या टाकीपाशी ती थांबायची आणि ते म्हणायचे, चल, चल, थांबलीस की आखडतं. स्वतःची त्यांना किळस आली. ती रडेल, निदान चिडेल, म्हणून ते खिडकीकडे तोंड करूनच उभे राहिले.

"म्हणजे पुन्हा ऑपरेशन," ती म्हणाली.

"हो."

"आणि वहम नव्हता."

"नव्हता."

ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली. पहिली चार पावलं टाकताना तिचा चेहरा कसा होतो, हे दत्तात्रयांनी वर्षभरात पहिल्यांदा नीट पाहिलं. खिडकीशी येऊन तिने तुकड्यावरून बोट फिरवलं.

"डॉक्टरांना दाखवून झालं की हा मला परत द्या."

"आता कशाला लागणार तो?" त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"मला नाही लागणार," सुलभा म्हणाली. "गोदाबाईंना द्यायचाय. त्या नीट ठेवतात."